चौथा आला तेव्हा

१९९९ साली नगरला सावेडीतल्या एका खोलीत यशोधरा, तुषार आणि कल्याण इंटरनेटवर गप्पांचा अड्डा तयार करत होते. टोपणनाव घेऊन आत यायचं, बटण दाबून कुणालाही चिमटा काढायचा, की समोरच्याच्या पडद्यावर 'आई गं!' उमटायचं. कल्पना यशोधराची.

पण येणार कोण? फोनची लाइन सारखी तुटायची. तिघेच एकमेकांना चिमटे काढून कंटाळले. "बंद करू या," यशोधरा वैतागून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी पडद्यावर चौथं नाव झळकलं: नागोबा! राजूरचा आहे म्हणाला. यशोधराच्या अंगात वारं शिरलं. काही खटकतं का, असं तिने विचारलं, तर उत्तर ठरलेलं, 'समदं लई भारी हाय.' त्याच्यासाठी ती जेवणखाण विसरून नवे खेळ रचत राहिली.

एका दुपारी नागोबाने गुलाल उधळायचा खेळ मागितला. यशोधरा चपापली. ही कल्पना तिने त्याच सकाळी चहा पिताना फक्त तुषार आणि कल्याणला सांगितली होती. तुषार शेजारीच बसला होता. कल्याण सायबर कॅफेत गेला होता.

तो परतताच तिने विचारलं, "नागोबा तूच ना?"

"तू सोडून चालली होतीस. म्हटलं, धीर येईल," कल्याण पुटपुटला.

"धीर? खऱ्या माणसाने चार चुका तरी काढल्या असत्या रे!"

तिने नागोबाचं नाव पुसून टाकलं. अड्ड्यावर पुन्हा तिघेच उरले. तुषारने पुन्हा लाइन जोडली. ती पुन्हा तुटली.