सायलेन्सरातला हात

हिंदुराव शिंगटेंचा उजवा हात व्हॅनच्या इंजिनात गेला आणि आतल्या आत त्याला आणखी तीन कोपरं फुटली. हिंदुरावांना त्याचं काही वाटलं नाही. उलट सोयच झाली.

"मेकॅनिकचा हात मनगटापर्यंत जातो. माझा बघा!" ते म्हणाले.

ही गाडी जावयाला द्यायची होती. द्यायची ती नुसती कशी द्यायची, म्हणून त्यांनी बाजारातून वेगळा बायपास फिल्टर आणला. तो तेलाची बारीक धार बाजूला घेऊन सावकाश गाळतो. पण इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि जागा जेवणाच्या डब्याएवढी. तिकडे दारात मांडव पडलेला, संध्याकाळी मुलीचं, रेवतीचं लग्न.

"दाजी, राहू द्या की आता," मेव्हणा बबन म्हणाला. "लग्न लागल्यावर बसवा."

"एकच नट राहिलाय. गप."

नट पिळला की जागा आणखी लांबायची. मग हातही लांबायचा. एकदा पाना निसटला, तर आत कुणीतरी तो अलगद त्यांच्या बोटांत परत ठेवला.

"बबन्या, आत कोण आहे रे?"

"आत? आत लिंबू मावत नाही दाजी."

वऱ्हाड आलं. हात निघेना. चौघांनी कमरेला धरून ओढलं, तर पाचवं कोपर फुटलं.

"अहो, ओढू नका त्यांना!" बायको मालन ओरडली. "कन्यादानाला तोच हात लागतो."

"डावा चालायचा नाही," भटजी म्हणाले.

तेवढ्यात गाडीमागून करवली किंचाळली. सायलेन्सरातून एक हात मनगटापर्यंत बाहेर आला होता. काळा, तेलकट, तळवा वर केलेला.

"सापडला!" बबन म्हणाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मालननं शिकेकाई लावून तो हात घासून धुतला. भटजींनी बोटं मोजली आणि बोहलं गाडीमागे हलवायला सांगितलं.

हिंदुराव सीटवर वाकून आरशातून बघत होते. त्यांनी आतली बोटं हलवली. आरशातली हलली नाहीत.

"थांबा!" ते ओरडले. "तो माझा हात नाही!"

"मुलीच्या लग्नात बापाचं असंच होतं," व्याही समजुतीनं म्हणाले, आणि वाजंत्र्यांना खूण केली.

भटजींनी रेवतीचा हात त्या तळव्यावर ठेवला. मालननं डोळे पुसत वरून पाणी सोडलं. हिंदुरावांचा तळवा कोरडाच राहिला. मग सायलेन्सरातल्या हातानं मूठ मिटली.

"बाबा, सोडा ना," रेवती म्हणाली. "दुखतंय."

हिंदुरावांनी पाना टाकला आणि सगळी बोटं उघडून दाखवली. आत कुणाला दिसणार?

रेवतीचा हात चुड्यासकट कोपरापर्यंत आत गेला. वाजंत्री जोरात वाजत होती.

इंजिनातल्या अंधारात हिंदुरावांच्या बोटांना ओल्या काचेच्या बांगड्या लागल्या. त्यातली एक फुटली.