अकराव्या पायरीवरचा कारकून

नीळकंठरावांनी ओल्या स्पंजला बोट लावलं, पान उलटलं आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली.

"त्या दिवशी तलावावर एकही होडी नव्हती, पूर्णविराम. वारा होता, स्वल्पविराम, पण लाटा नव्हत्या, पूर्णविराम."

"जुळतं," गोपीनाथ म्हणाला आणि मूळ कागदावरची पट्टी एक ओळ खाली सरकवली.

"पृष्ठ अठ्ठेचाळीस संपलं."

कमलिनी खिडकीजवळच्या वेताच्या मोड्यावर बसली होती. मांडीवर शाईची दौत, टाक, टीपकागद आणि खाडाखोड करायला अर्धं ब्लेड. नक्कल तिच्या हातची होती. एकशे चार पानं, बोरूने, एकाही ठिकाणी शाई न पसरता. त्यातल्या एकसष्टाव्या पानावर तिने मुळात नसलेल्या दोन ओळी घातल्या होत्या आणि मुळातल्या दोन गाळल्या होत्या. अजून तेरा पानं होती. हे लक्षात आलं तर नीळकंठराव ते पान फाडायला लावतील आणि समोर बसवून पुन्हा लिहून घेतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि लक्षात येणारच होतं, कारण गोष्ट गोपीनाथचीच होती.

आता दिवाळीच्या हस्तलिखित अंकासाठी एवढा सोपस्कार कोण करतं? पण ही माणसं सचिवालयातली. नक्कल एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुळावर डोळा ठेवायचा, विरामचिन्हांसकट. जमिनीच्या फायलीला जो नियम, तोच गोष्टीला. सोडलं तर देवघरातली आरतीसुद्धा नीळकंठरावांनी ताडून पाहिली असती, असं त्यांची बायको शशिकला म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही चहा नाही घेतला," गोपीनाथ म्हणाला. "निवून राहिला नं तो."

"घेते."

तिने कप उचलला आणि तसाच हातात धरला. शामला टेकडीच्या उतारावरच्या नीळकंठरावांच्या या क्वार्टरमधून बसल्या जागेवरून तलावाची एक पट्टी दिसायची. ऑक्टोबरातल्या दुपारी ती पट्टी आभाळाच्या रंगाची होते आणि तिचा काठ कुठे संपतो ते कळत नाही. जरा वेळ बघत राहिलं की वाटतं, पाणी खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आलंय आणि आपण खोलीत नाही, खोलीच आपल्याबरोबर कुठेतरी तरंगत चाललीय. नीळकंठरावांचा आवाज एका सुरात येत होता. स्वल्पविराम, पूर्णविराम, स्वल्पविराम.

चार वर्षांपूर्वी सरकार नागपूरहून भोपाळला आलं, तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर हे लोकही आले. नागपूर आधी मुंबई राज्यात गेलं, मग यंदा महाराष्ट्रात. हे राहिले इथे. घरं तयार नव्हती. बायकामुलं मागे, आणि आठ-आठ बाप्ये नवाबी काळातल्या एकेका दालनात, मध्ये दोरीवर धोतरांचे पडदे. संध्याकाळी करायचं काय? तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं. ना ओळख, ना पाळख, भाषा निम्मी कळणारी, आणि समोर एवढं थोरलं पाणी.

त्या पायऱ्यांवर विश्वास एकदा म्हणाला होता, "हा तलाव म्हणजे दुधावरची साय आहे. खाली काय आहे ते कुणी पाहिलंय?"

विश्वास आवक शाखेत होता. कमलिनीचा नवरा. त्याने पहिली गोष्ट लिहिली ती एका आवक कारकुनाची. टपालात एक ओला लिफाफा येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत कागद नाही, नुसतं पाणी. कारकून सवयीने त्यावर क्रमांक घालतो. झालं. तलावाखाली जे आहे त्याची नोंद माणसांच्या वहीत झाली, आणि त्या रात्रीपासून कारकुनाला त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. ते दुष्ट नाही, हे विश्वासने मुद्दाम लिहिलं होतं. भूत निदान आपल्याला ओळखतं तरी. तलावाखालच्या त्याला तर आपण आहोत हेच माहीत नाही. ते कूस बदलेल तेव्हा शहर जाईल, आणि त्याला कळणारही नाही. शेवटी कारकून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी अकरावीवर जाऊन उभा राहतो, ऐकत.

मंडळींना ती इतकी भावली की प्रत्येकाने त्याच जगातली गोष्ट लिहायला घेतली. कुणी पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरची, कुणी जवळच्या मिसरोद गावातल्या कोळ्याची, कुणी कमला पार्कमध्ये फिरायला येणाऱ्या पेन्शनराची. नीळकंठराव संपादक झाले आणि पहिल्याच पानावर नियम लिहिला: आधीच्या गोष्टीत जे नोंदलं गेलं ते सर्वांवर बंधनकारक. ज्याने श्वास ऐकला तो परत येत नाही. पायऱ्या अकरा. शशिकलाने बारा लिहिल्या होत्या, तर सख्ख्या बायकोची गोष्ट त्यांनी साभार परत केली. चार दिवस घरात अबोला होता.

पहिला अंक सत्तावन्नच्या दिवाळीत निघाला. विश्वासने तो नागपूरला नेऊन कमलिनीला दाखवला आणि जाताना म्हणाला, क्वार्टर मिळालं की तुला न्यायला येतो. जानेवारीत तो विषमज्वराने गेला. क्वार्टरचा हुकूम आठ दिवसांनी निघाला.

कमलिनी भोपाळला आली ती एकटी. मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली, राहायला क्वार्टर मिळालं, आणि अक्षर चांगलं म्हणून हस्तलिखिताची नक्कल तिच्याकडे आली. तेव्हापासून दर दिवाळीला प्रत्येक जण आपल्या गोष्टीत त्या कारकुनाला आणायचा. गोष्ट कुणाचीही असो, कुठेतरी तो दिसायचाच, अकराव्या पायरीवर, पाठमोरा. अठ्ठावन्नात कुणीतरी लिहिलं, पाणी घोट्यापर्यंत आलंय. ते नोंदलं गेलं, बंधनकारक झालं. एकोणसाठात पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. हे सगळं कमलिनीने स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात उतरवलं होतं.

"पृष्ठ एकोणसाठ," नीळकंठराव म्हणाले.

तिने कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

"साठ."

"जुळतं."

"एकसष्ट." नीळकंठरावांनी चष्मा नीट केला. "पेन्शनराने हाक मारली, स्वल्पविराम, पण कारकुनाने वळून पाहिलं नाही, पूर्णविराम. सगळा तलाव एकदा वर आला आणि खाली गेला, स्वल्पविराम, झोपलेल्या माणसाची छाती जाते तसा, पूर्णविराम. पाणी होतं तिथेच थांबलं, पूर्णविराम. कारकून वळला आणि..."

ते थांबले. त्यांनी ती ओळ मनात पुन्हा वाचली, मग मान वर करून गोपीनाथकडे पाहिलं. गोपीनाथची पट्टी मुळावर स्थिर होती. तिच्या खाली त्याच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. तो हलला नाही.

"काय झालं? अडलं का कुठे?" शशिकला चिवड्याची ताटली घेऊन दारात आली होती.

बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं. त्याचा आवाज येत राहिला.

"पुढे वाचा की," गोपीनाथ म्हणाला.

"वाचतो. 'कारकून वळला आणि पायऱ्या चढू लागला, पूर्णविराम.'" नीळकंठरावांनी पान खाली ठेवलं. "वहिनी, नजरचूक झालेली दिसते."

"नजरचूक नाही भावजी. मीच बदललं."

"तुम्ही?"

"हो. समजून उमजून."

नीळकंठराव रागावले नाहीत. त्यांना रागावताही आलं नसतं. नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसे ते त्या पानाकडे बघत राहिले. "पण नियम... अहो, पहिल्या अंकात स्वतः विश्वासनेच लिहिलंय. परत येत नाही म्हणून."

"मला पाठ आहे ते," कमलिनी म्हणाली. "तीन वर्षं लिहितेय. घोटा मी लिहिला, गुडघा मी लिहिला, कंबर लिहिली तेव्हा दोनदा उठून बाहेर गेले. परवा हनुवटी आली. बोरू बुडवला आणि बसून राहिले. नाही झालं हो माझ्याच्याने."

"आम्हाला वाटलं..." गोपीनाथने पट्टी बाजूला ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. "वहिनी, शप्पथ सांगतो, आम्हाला वाटलं तुम्हाला बरं वाटत असेल. दर वर्षी भेट होते म्हणून. आम्ही ठरवूनच करून राहिलो होतो. कोणीही लिहो, विश्वासच्या माणसाला विसरायचं नाही."

"पाण्यात उभं केलेलं माणूस भेटतं का कधी?"

ती हळूच बोलली, पण गोपीनाथने मान खाली घातली. कमलिनीला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. याच माणसाने चौदा रात्री विश्वासच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलल्या होत्या. ती तेव्हा नागपुरात होती आणि तिला आजारपणाचं पत्र अजून मिळायचं होतं.

"तुमचा राग नाही," ती म्हणाली. "तुमच्या मायेनेच उभे आहेत ते तिथे. म्हणून तर कुणाला सांगता येईना. पण माया झाली तरी किती वर्षं एखाद्याला पाण्यात ठेवायचं? थंडी सुरू होईल आता."

शशिकलाने ताटली टेबलावर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. "अहो, राहू द्या की ते तसंच," ती नवऱ्याला म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"बघायला कोण येतंय हा प्रश्नच नाही." नीळकंठराव अस्वस्थ झाले होते. अशा वेळी ते नियमाला धरून बसत, कारण दुसरं काही धरायला त्यांना येत नसे. "आज एकाला परत आणलं की उद्या सगळेच येतील. मग भीती ती कशाची राहिली? सगळं जगच कोसळतं हो, वहिनी. एवढ्या वर्षांची नोंद आहे."

"नीळकंठराव," गोपीनाथ म्हणाला, "त्याने केलं काय होतं? पहिल्या गोष्टीत?"

"कोणी? कारकुनाने? लिफाफ्याला आवक क्रमांक दिला."

"बरोबर. मग जावक कुठे आहे?"

नीळकंठरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगता नं नव्या पोरांना. आवक झालेला कागद कधीतरी जावक व्हायला पाहिजे. तो टेबलावर मुक्काम करत नाही. तीन वर्षं प्रकरण पडून आहे बाप्पा. आम्ही कोणी निकालीच काढलं नाही."

नीळकंठरावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. ओठांतल्या ओठांत त्यांनी काहीतरी जुळवून पाहिलं.

"प्रलंबित," ते म्हणाले. "हं. तसं म्हणता येईल." मग जरा कडक आवाजात, "पण नक्कल मुळाशी जुळत नाही, त्याचं काय? जुळत नसलेल्या पानावर मी सही करणार नाही."

"द्या तो टाक इकडे."

गोपीनाथने कमलिनीच्या मांडीवरची दौत आणि टाक मागून घेतला. मुळातल्या आपल्या दोन्ही ओळी रेघ मारून खोडल्या. पाणी, हनुवटी, सगळं. वर तिची दोन्ही वाक्यं लिहिली, तिच्या शब्दांत, आपल्या गिचमिड अक्षरात. सचिवालयाच्या कारकिर्दीत त्याने हजार नकला मुळाबरहुकूम दुरुस्त केल्या होत्या. नकलेबरहुकूम मूळ दुरुस्त करण्याची ही पहिली वेळ. नीळकंठरावांनी तोंड दुसरीकडे केलं, म्हणजे आपण पाहिलं नाही असं म्हणायला ते मोकळे.

"पायऱ्या चढू लागला," गोपीनाथने वाचलं. "पुढे?"

"पुढे नाही लिहिलं मी," कमलिनी म्हणाली. "एवढाच धीर झाला."

"असं कसं? रस्त्यावर सोडता काय त्याला?" त्याने टाक पुन्हा बुडवला. "घरी जाईल नं. नागपूरला? का इथे?"

"इथे. क्वार्टर मिळालंय की आता."

"बरं. आला. दार वाजवलं. तुम्ही उघडलं." गोपीनाथ लिहायच्या तयारीत वाकला होता, पण त्याने कागदावरून नजर उचलली नाही. "काय म्हणेल वहिनी तो? मला तापातलंच त्याचं बोलणं आठवतं. तुम्ही सांगा."

कमलिनी खिडकीतून बघत होती. ऊन कलल्याने तलावाची पट्टी पितळी झाली होती. मघाशी खिडकीपर्यंत आल्यासारखं वाटणारं पाणी आता आपल्या जागी, दूर होतं.

"फार उशीर झाला का, असं विचारतील," ती म्हणाली.

गोपीनाथने लिहिलं. नीळकंठराव न राहवून वाकून बघत होते. शशिकला दाराला टेकून उभी होती.

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

तिला ते आधीच ठाऊक होतं. बहुधा तीन वर्षं ठाऊक होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "आधी पाय पुसा म्हणेन."