मधला गंधार

मी एक जुना सिंथेसायझर आहे, मित्रांनो. पट्ट्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या, पण पोटात भाता नाही, वीज आहे. माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. तरी सांगतो.

जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीने इजिप्तला आलो आणि कैरोच्या शुब्रा भागात राहणाऱ्या फतही नावाच्या वादकाने मला घरी नेले. पहिल्याच दिवशी त्याने पट्ट्यांवरून हात फिरवला आणि तोंड वाकडे केले. त्याच्या गाण्यांना लागणारा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. तो दोन पट्ट्यांच्या मधे राहतो. माझ्याकडे ती जागाच नव्हती.

"लेकाचा तोतरा निघाला!" असे म्हणत त्याने मला हबीब कारागिराकडे नेले. हबीबने माझे पोट उघडून आत नव्या तारा जोडल्या आणि कपाळावर छोटे खटके बसवले. खटका खाली ओढला की सूर किंचित उतरून नेमका मधल्या जागी बसायचा. कारखान्याने मला आवाज दिला होता, बोलायला हबीबने शिकवले.

मग आम्ही गल्लोगल्लीच्या लग्नांत वाजलो. फतही वाजवायचा आणि नबाविया गायची. ती जाडजूड, तोंडाळ बाई होती, पण त्या गंधारावर आली की मांडवातली माणसे "अल्लाह! अल्लाह!" करत उठायची. माझ्यावर सरबत सांडले, धूळ बसली. त्याचे मला काही वाटले नाही.

पुढे माझी एक चिप जळाली आणि मी मुका झालो. तसली चिप आता कुठेच बनत नव्हती. चादरीत गुंडाळून फतहीने मला पलंगाखाली सरकवले. लग्नांत नवी, हलकी यंत्रे आली आणि त्याला कोणी बोलावीना.

त्याच्या नातीला मुलगा झाला, तेव्हा मात्र म्हाताऱ्याने हट्ट धरला. बाळाच्या सातव्या दिवशी नबाविया गाणार आणि साथ तोच करणार. "एकदाच," तो म्हणायचा, "मग खुशाल डोळे मिटतो."

हबीब वारला होता. दुकान त्याचा मुलगा मुनीर चालवत होता. त्याने मनापासून शोधाशोध केली, हे मला नाकारता येत नाही. अलेक्झांड्रियात बंद पडलेल्या एका नाचघरात त्याला माझ्याच जातीचा एक भाऊ सापडला. मुनीरने त्याचे पोट फाडून अख्खे सर्किट काढले आणि माझ्यात बसवले. माझ्या जुन्या सर्किटवरचा तारांचा गुंता पाहून तो हसला. "बाबांनी काय जाळं विणलंय हे!" ते सर्किट त्याने भंगारवाल्याच्या गाडीत टाकले. खटके मात्र ठेवले, वडिलांची आठवण म्हणून. नुसते दिसायला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी त्याने मला थेट फतहीच्या घरी पोचवले आणि एक परदेशी चाल वाजवून दाखवली. "काका, बघा! कारखान्यातून आत्ता आल्यासारखा."

म्हाताऱ्याने त्याचे कपाळ चुंबले.

सातव्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे बाळाला चाळणीत ठेवले. बायकांनी खलबत्ता वाजवला, मीठ उधळले. नबावियाने गाणे धरले. फतहीने खटका खाली ओढला आणि पट्टी दाबली. माझ्यातून शुद्ध गंधार निघाला, स्वच्छ, निर्मळ आणि परका. त्याने खटका वर केला, पुन्हा ओढला. तोच सूर.

नबाविया थांबली. "अरे फतही, कानात बोळे घातलेस की काय? सूर चढलाय तुझा!"

"थांब बाई, अडकलाय खटका."

नबाविया कोपऱ्यात उभ्या मुनीरकडे वळली. "मुनीर, काय केलंस रे?"

मुनीर गोरामोरा झाला. "काका, मला वाटलं… तसलं आता कोण वाजवतं?"

"आतलं जुनं कुठे आहे?" फतहीने विचारले. "भंगारात गेलं," मुनीर म्हणाला.

नबावियाने माझ्या सुराला जुळवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिचा गळा तिकडे जाईना. शेवटी ती हळूच म्हणाली, "राहू दे, फतही. मी टाळ्यांवर गाते." बायकांनी टाळ्या धरल्या. गाणे रंगले. फतही शेवटपर्यंत माझ्यासमोर बसून होता, हात पट्ट्यांवर, एकही पट्टी न दाबता.

त्या दिवसापासून त्याने मला हात लावलेला नाही. मी दिवाणखान्यात उभा असतो. पाहुणे म्हणतात, "वा, अगदी नवाकोरा!" मुनीर येतो, चुकलो म्हणतो, हबीबच्या तारा पुन्हा जोडून बघतो म्हणतो. पण त्या कशा जोडल्या होत्या, ते हबीबबरोबरच गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. पण उघडण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला एवढे विचारा, की बाबा, ही तुझ्याशी काय बोलत होती? मला दुरुस्त करताना कोणी विचारले नाही. मी आता उत्तम चालतो, आणि फतही खोलीत आला की माझ्याकडे पाठ करून बसतो.