पाहुणी

मी एक जुना जिना आहे. दगडी, वळणाचा, तीन मजल्यांना धरून ठेवणारा. येत्या सोमवारी मला पाडणार आहेत. मित्रांनो, लगेच तोंडं पाडून बसू नका. मी रडगाणं गायला आलेलो नाही. मला मिरवायचं आहे, आणि ते सोमवारच्या आत उरकायला हवं.

माझा जन्मच एका गोंधळातून झाला. दोघे गवंडी भाऊ मला बांधत होते. एक खालून वर येत होता, दुसरा वरून खाली. मधे भेटले तेव्हा कळलं की उरलेली जागा एका पायरीला जास्त आहे आणि दोन पायऱ्यांना कमी. दोघांनी एकमेकांवर खापर फोडलं, पोटभर भांडले, आणि शेवटी तिथे एक भलतीच उंच पायरी बसवून चहा प्यायला निघून गेले.

त्या पायरीनं सलामीलाच घरमालकाला आडवं केलं. तेव्हापासून तिनं कुणाची गय केली नाही. नवा माणूस आला की अडखळणार, धप्प आवाज होणार आणि तिन्ही मजल्यांवरून हाक येणार, "पाय उचला." राहणारे कधीच अडखळायचे नाहीत. अडखळला तो पाहुणा. म्हणून त्या पायरीचं नावच पडलं, पाहुणी.

धप्प ऐकलं की शिलाईवाली मावशी चहाचं आधण ठेवायची. तिची खोली माझ्याच पोटाखाली. दाराशी तिचं शिलाई मशीन, मागे शेगडी, त्यामागे खाट. तिचं उतरतं छत म्हणजे मीच. दाराशी ताठ उभं राहायचं, आत जाता जाता वाकायचं, आणि खाटेपाशी पोचेपर्यंत आडवंच व्हायचं. मावशी म्हणायची, "माझ्या घराला अक्कल आहे. झोपायच्या जागी उभंच राहू देत नाही."

आमच्या गल्लीची अवस्था काय सांगू? गटार तुंबलं, दिवे गेले, भिंतींचे पोपडे सुटले. माझा कठडा हलायला लागला. कुणी तक्रार केली की घरमालकाचं एकच उत्तर, "कशाला दुरुस्त करायचं? पाडायचंच आहे." ही दोन वाक्यं ऐकत इथली पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांनाही पोरं झाली. पाडत कुणी नव्हतं आणि दुरुस्तही कुणी करत नव्हतं. मित्रांनो, मी म्हातारा झालो म्हणून खचलो नाही. मला खचू दिलं. यातला फरक नीट लक्षात ठेवा.

मग एक दिवस बातमी आली. ही इमारत पाडून इथे परवडणारी घरं बांधणार. जो इथे राहतो, त्याला इथेच घर.

"परवडणारी म्हणजे कुणाला?" पहिल्या मजल्यावरचे बसचालक काका म्हणाले. "राहणाऱ्याला की बांधणाऱ्याला?"

त्यांची शंका खोटी नव्हती. घरमालकाचा एक दलाल होता. अंधाऱ्या जिन्यातही काळा चष्मा घालायचा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणत. या गॉगलनं दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांत आपले तीन भाचे राहतात असं सांगून टाकलं. वर मावशीचं नावच उडवायला निघाला. म्हणे, जिन्याखाली कुठे घर असतं का? ते तर शिलाईचं दुकान.

कोण राहतं ते बघायला घरबांधणी खात्याच्या बाई आल्या. पाहुणीपाशी धप्प. तिन्ही मजल्यांवरून, "पाय उचला." मावशीनं लगेच आधण ठेवलं. बाई गुडघा चोळत हसल्या आणि खाली येऊन मावशीच्या दाराशी कट्ट्यावर टेकल्या.

गॉगल भाच्यांना घेऊनच आला होता. थोरला भाचा म्हणाला, "आम्ही इथे लहानाचे मोठे झालो, मॅडम. या बाईंना इथे राहताना कधी बघितलं नाही. सकाळी येतात, कुलूप लावून संध्याकाळी जातात."

मावशीनं हातातला कप खाली ठेवला. हे घर गेलं असतं तर तिला दुसरं नव्हतं.

"तीस वर्षं मी तुझ्या डोळ्यांत मावले नाही का रे?" ती म्हणाली. "एवढी बारीक आहे का मी?"

कुणीतरी हसलं, पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चला, तुमच्या खोल्या दाखवा."

मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही. पण पाहुणी आहे. मी तयारच होतो.

पुढे थोरला भाचा. धप्प. त्याच्यामागे मधला. धप्प. धाकटा त्यांना उठवायला वाकला आणि तिघांचा ढीग झाला. शेवटी गॉगल. चष्मा उडाला तो थेट मावशीच्या दारात.

वरून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा आवाज आला, "अरे, आज बरेच पाहुणे आलेत. दूध पुरेल का?"

बाईंनी एकदा पायरीकडे बघितलं, एकदा त्या ढिगाकडे. "लहानाचे मोठे इथेच झालात ना?" त्यांनी विचारलं. "मग मोठं झाल्यावर पाय उचलायला विसरलात का?"

तेवढ्यात मावशी निघाली. तिला वरच्या मजल्यावर शिवलेले कपडे पोचवायचे होते. हनुवटीपर्यंत कपड्यांची चळत, पायाखालचं काही दिसत नव्हतं. पाहुणी आली, पाय आपोआप उंच गेला, चळत हललीसुद्धा नाही.

"दुकानात येऊन जाऊन सवय होते," गॉगल कपडे झटकत पुटपुटला.

"होत असेल," बाई म्हणाल्या. "पण त्या इथे राहत नाहीत असं सांगणारे तुमचे साक्षीदारच इथले नाहीत." मग त्या वाकून मावशीच्या खोलीत गेल्या. खाट बघितली, शेगडी बघितली, उठताना माझ्यावर डोकं आपटलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "हे घर आहे. यांना नव्या इमारतीत घर मिळणार. आणि छत सरळ मिळणार."

गॉगल पुन्हा दिसला नाही. त्याचा चष्मा मावशीनं मशीनच्या खिळ्याला अडकवून ठेवला. सुईत दोरा जाईना झाला की तो घालायची आणि सगळ्यांना हसवायची.

आता इमारत रिकामी आहे. सगळे तात्पुरत्या घरांत गेलेत. काल बसचालक काका राहिलेली बादली न्यायला आले आणि माझ्यावर बसून सांगत होते की तिथला जिना अगदी सरळ आहे, सगळ्या पायऱ्या सारख्या. तरी आपली माणसं मधे एकदम पाय उंच उचलतात. तिथले शेजारी विचारतात, तुमच्याकडे असे बगळ्यासारखे का चालतात?

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला खुशाल पाडा. पण जे जपायचं ते वेळेवर जपा, 'पाडायचंच आहे' म्हणत कुणाला कुजवू नका. आणि गल्ली नवी कराल तेव्हा माणसं तीच राहू द्या.

सोमवारी हातोडेवाले येतील. नवीन माणसं आहेत, बिचारी.

पाहुणी अजून जागेवर आहे.