वाट नसल्याचा दस्त

शेलार गावचा सुभाष आयुष्यात कधी खोटं बोललाच नव्हता असं नाही. दोनदा पंचायतीची निवडणूक लढवलेला माणूस तो, खोट्याशी त्याची चांगली घसट होती. पण स्वतःच्या शेतात, भर उन्हात, चालत्या वाटेवर उभं राहून इथे वाट नाही असं सांगायची पाळी मात्र त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

विचारणारी होती भाविकशेठची वकीलबाई. भाविकशेठ गोदामवाला. कशेळीपासून इकडे रस्त्याकडेला निळ्या पत्र्यांची जी रांग लागते, तिच्यातली बरीचशी गोदामं त्याचीच. आता त्याचा डोळा सुभाषच्या जमिनीवर होता आणि सुभाषचा त्याच्या पैशावर. गावात ज्यांनी ज्यांनी जमिनी विकल्या, त्यांचे बंगले उठले होते. सुभाषच मागे राहिला होता, आणि हे त्याला घरीदारी रोज कोणी ना कोणी ऐकवायचं.

शेताच्या मधोमध एक पायवाट होती. किती पिढ्यांच्या पायांनी तुडवलेली कोण जाणे. पांढरी, टणक, गवताची काडी न उगवणारी. हमरस्त्यावरून निघून ती मागच्या टेकडीखालच्या वारल्यांच्या पाड्यावर जायची.

"ही वहिवाट कोणाची?" वकीलबाईंनी विचारलं.

सुभाषनं भाविकशेठकडे पाहिलं. भाविकशेठनं आधीच सांगून ठेवलं होतं की मध्ये वाट राहिली तर सलग गोदाम बसत नाही, आणि सलग गोदाम बसत नसेल तर ही जमीन त्याला नको.

"कोणाची नाही हो," सुभाष म्हणाला. "गुरंढोरं जातात अधूनमधून."

तेवढ्यात रस्त्याकडून सरू आली. पाड्यावरच्या देवूची बायको. डोक्यावर रेशनच्या तांदळाची पिशवी होती. "उन्हात काय उभं रायलात, दादा?" असं हसून विचारत ती तिघांच्या मधून पाड्याकडे निघून गेली. वकीलबाईंनी पदर सावरून तिला जागा दिली, तिची पाठ वळल्यावर सुभाषकडे एकदा नीट पाहिलं, आणि वहीत लिहून घेतलं की वहिवाट नाही. वकीलबाईंना काय, ज्याची जमीन तो सांगेल ते खरं.

रात्री जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. पूर्वा पोळी वाढता वाढता थांबली.

"मग पाड्यावरची माणसं कुठून जातील?"

"नाल्याच्या बाजूनं."

"पावसात?"

सुभाषनं वाटी पुढे केली आणि आमटी मागितली. पूर्वानं वाढली आणि ती आवराआवरीला लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. भांडणात माणसाला आपली बाजू तरी मांडता येते. इथे तो स्वतःशीच वकिली करत बसला. वाट कागदावर कधी नव्हतीच. आजोबांनी लिहून दिली नाही, वडिलांनी दिली नाही. मग आपण कोणाचं काय हिसकावतोय? नसलेलं लिहिलं नाही, एवढंच. आजोबांना आणि वडिलांना ती लिहायची गरजच कधी पडली नव्हती, हे त्याला कळत होतं. पण ते त्यानं स्वतःला सांगितलं नाही.

खरेदीचा दस्त नोंदवायच्या दिवशी सकाळी जीप रस्त्याला लागली, तर वाटेच्या तोंडाशी देवू उभा. त्याला भिवंडीच्या बाजारातून ताडपत्री आणायची होती. दरवर्षी लावणीला येणारा, सुभाषच्या घरच्या प्रत्येक लग्नात मांडवाचे खड्डे खणणारा देवू. त्याला पाहून जीप पुढे कशी न्यायची? त्याला गाडीत घेतलं. वाटेत तो पिकाबद्दल, डुकरांनी केलेल्या नासाडीबद्दल बोलत राहिला आणि सुभाष हूं हूं करत राहिला.

नोंदणी कार्यालयात ही गर्दी. सर्व्हर बंद पडलेला, माणसं जिन्यापर्यंत बसलेली, ज्याचा त्याचा जीव आपल्या टोकनात अडकलेला. विकणारा माणूस हाच, अशी ओळख द्यायला दोन माणसं लागतात. त्यातला एक, गावचा पंढरी, वेळेवर आला होता. दुसरा म्हणजे सुभाषचा मेहुणा. सगळे त्याला दाजी म्हणत. तो कशेळीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकला होता आणि दर थोड्या वेळानं फोन करून ‘निघालोच’ म्हणत होता. इकडे सर्व्हर सुरू झाला आणि त्यांचा नंबर पुकारला गेला.

"अरे, कोई भी चलेगा," भाविकशेठ वैतागला. "फक्त आधार कार्ड पाहिजे. नंबर गेला तर आजचा दिवस गेला."

आणि देवू जिन्यात परतीच्या जीपची वाट पाहत बसला होता, मांडीवर नव्या ताडपत्रीची घडी घेऊन. त्याला हाक दुसऱ्या कोणी मारली नाही. सुभाषनंच मारली.

"देवू, आधार कार्ड हाय का जवळ?"

होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, खिशात, नीट जपून. सुभाषदादाच्या कामाला आपली गरज पडली म्हणून देवूला कोण आनंद झाला! फोटो काढतात कळल्यावर त्यानं पंढरीचा कंगवा मागून घेतला, केसांना पाण्याचा हात लावला आणि कॅमेऱ्यासमोर असा ताठ बसला की टेबलामागच्या बाईंनाही हसू आलं. अंगठा झाला. मग सही. प्रौढांच्या वर्गात तो नाव लिहायला शिकला होता. पेन हातात घेतलं, आणि कागदाकडे पाहून सुभाषला विचारलं,

"दादा, काय लिवलंय यात?"

संशयानं नव्हे हो. लग्नपत्रिका हातात आली की माणूस विचारतो ना कोणाचं लग्न, तसं. मागे रांग होती, बाजूला भाविकशेठ घड्याळ पाहत होता. एवढ्या गर्दीतही एक वाक्य बोलायला जागा होती.

"जमिनीचंच रं. मी इकली, यांनी घेतली."

"मंग बराय," म्हणत देवूनं एकेक अक्षर कोरून सही केली.

"दस्त वाचलात? मजकूर मान्य आहे?" टेबलामागच्या बाईंनी सुभाषला विचारलं.

"मान्य आहे," सुभाष म्हणाला.

घोडं गंगेत न्हालं. बाहेर भाविकशेठनं पेढे वाटले, देवूला दोन दिले. तो ते खिशात ठेवून उसाचा रस प्यायला गेला, तेव्हा वकीलबाईंनी हळूच विचारलं, "हा त्या पाड्यावरचाच ना?"

"हो."

"बरं केलंत. उद्या पाड्यानं वाट मागितली, तर वाट नाही असं लिहिलेल्या दस्तावर त्यांच्याच माणसाची सही आहे. त्यांचं कोण ऐकणार आता?"

हे सुभाषच्या डोक्यातही आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. त्यानं वाट गिळली होती, पण वाटेसाठी भांडणाऱ्याचं तोंडही त्याच्याच हातानं बांधून घ्यावं, एवढा पोचलेला तो नव्हता. निदान सकाळपर्यंत तरी नव्हता.

"तेवढी ओळ काढता येईल का?"

"नोंदवलेल्या दस्तात खाडाखोड नसते. चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं. दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात."

सुभाषनं भाविकशेठकडे पाहिलं. भाविकशेठ हसला. "सुभाषभाई, चूक कुठे झालीय?" असं म्हणून त्यानं सुभाषच्या हातात आणखी एक पेढा ठेवला.

परत येताना देवू पुढच्या सीटवर बसला होता. सरकारनं आपला फोटो काढला, हे पाड्यावर कोणाकोणाला सांगायचं याचा बेत तो करत होता. वाटेच्या तोंडाशी उतरला, ताडपत्री खांद्यावर टाकली आणि वळून म्हणाला, "कदी बी लागलं तर हाक मारा, दादा." अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून तो भरभर चालत गेला. त्याला हाक मारायची तर तीच वेळ होती. सुभाषनं गिअर टाकला.

मग थोड्या दिवसांनी कुंपणाचे सिमेंटचे खांब आले. देवूचा फोन सकाळीच आला. "दादा, जरा या. ही मानसं खोटं बोलतात. कागदावर वाट न्हाय म्हनतात." पूर्वानं ते ऐकलं. सुभाष शर्ट चढवत घुटमळला, तर तिनं दार उघडून धरलं.

अख्खा पाडा वाटेवर उभा होता. गणवेशातली पोरं, हंडे घेतलेल्या बाया, कामावर निघालेले गडी. सगळ्यांच्या पुढे देवू. सुभाषला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. तो आपल्या माणसांकडे वळला.

"आला बगा दादा. मी थितं व्हतो ना! माजा फोटू हाय त्या कागदावर. मी सोता इचारलं, काय लिवलंय. दादा बोलला, जमिनीचं. वाटंचा शब्द बी न्हाय त्यात." मग सुभाषला म्हणाला, "सांगा यान्ला, दादा."

आणखी एकदा खोटं बोलता आलं असतं. ‘बघतो, भाविकशेठशी बोलतो’ एवढं म्हणून निघताही आलं असतं, आणि देवूनं तेही खरं मानलं असतं. ते असह्य होतं.

"लिवलंय, देवू," सुभाष म्हणाला. "हितं कुनाची वाट न्हाय, असं लिवलंय. मीच सांगितलं तसं लिवायला. आन त्यावर तुजी सही हाय."

देवूला ते समजायला थोडा वेळ लागला.

"मंग मी इचारलं तवा?"

शिव्या खायची तयारी करून सुभाष आला होता, एखाद्यानं कॉलर धरली असती तर त्याला मोकळं वाटलं असतं. पण त्याच्याकडे कोणी पाहतच नव्हतं. सगळा पाडा देवूकडे पाहत होता.

सरूनं हंडा खाली ठेवला. "सही केलीस तू?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी इचारलं व्हतं गं," देवू म्हणाला. मग शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "इचारलं व्हतं मी, काका." आणि पोरांना घेऊन उभ्या असलेल्या बायांनाही तेच सांगू लागला. आपल्याच पाड्यात, आपल्याच माणसांसमोर, मान खाली घालून.

"चूक माझी हाय," सुभाष म्हणाला. "मी मामलेदाराकडं येतो. खरं काय ते सांगतो." पण त्याचा आवाज इतका खोल गेला होता की शेजारी खड्डा खणायला पहार घेऊन उभ्या असलेल्या मजुराखेरीज तो कोणालाच ऐकू गेला नाही. त्या परमुलखातल्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही.

"सेठ, जरा हटना," तो म्हणाला. "खंबा इधर ही आयेगा."

सुभाष बाजूला सरकला.