मी रिकामा कसा झालो

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे. आपली गोष्ट सांगताना लोक छाती फुगवतात. मला मात्र लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. मी कुणाला कापले नाही, कुणाच्या पायावर पडलो नाही. तरी माझ्यामुळे एका चांगल्या मुलीवर खोटेपणाचा आळ आला.

माझा मूळ गाव कुठला ते मला आठवत नाही. समज आली ती लातूरच्या गंजगोलाईतल्या एका भांड्यांच्या दुकानात. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लताबाईंच्या लग्नात आहेरासाठी कुणीतरी सहा पेले घेतले, त्यांतला मी एक. दुकानदाराने नाव घालायचे मशीन माझ्या पोटावर टेकवले तेव्हा किर्र आवाज झाला आणि मला अशा गुदगुल्या झाल्या की विचारू नका. बघतो तर काय, पोटावर 'सौ. लता उद्धव' असे नाव उमटलेले. त्या दिवसापासून माझा तोरा वाढला.

लताबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या हाताखालून हजारभर तरी मुले गेली असतील. 'सगळी माणसे समान आहेत' हे वाक्य त्या फळ्यावर वळणदार अक्षरात लिहायच्या आणि मुलांकडून पाचपाच वेळा लिहून घ्यायच्या. त्या वह्या घरी तपासायला यायच्या, तेव्हा मी शेजारीच असायचो.

त्याच घरात मागच्या खिडकीत कान तुटलेला एक कप पालथा असायचा. अंगण झाडायला, लाकडे फोडायला येणाऱ्यांसाठी तो वेगळा ठेवला होता. त्याला आत कधी घ्यायचे नाहीत, ज्याने प्यावे त्यानेच विसळून ठेवायचे. मी फळीवरून त्याच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, बरे झाले बाबा, आपण आतले आहोत. आज ते आठवले की कुठे तोंड लपवू असे होते.

वर्षे गेली. माझे पाच भाऊ हरवले, चेपले, मोडीत गेले. उद्धवराव गेले. मुलगा मिहिर पुण्याला नोकरीत रमला. दोन वर्षांपूर्वी लताबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण पाय काही उभा राहिना. मग मिहिरने त्यांना नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका वृद्ध सेवा केंद्रात आणून ठेवले. पिशवीत दोन पातळे, चष्मा, जपमाळ आणि मी. दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी पिणार नाही, असे त्यांनी मिहिरला बजावले होते.

तिथे जगदेवी नावाची काळजीवाहिका होती. दिवसभर हसतमुख, बोलायला मोकळी. तिने लताबाईंच्या खिडकीबाहेर, गजांना लागून, तेलाच्या जुन्या डब्यात कोरफड लावली होती. ती मला भरून द्यायची, लताबाई घटाघटा प्यायच्या. सगळे नीट चालले होते. मार्च संपता संपता जगदेवीच्या मुलीचे बाळंतपण आले आणि ती महिन्याच्या रजेवर उदगीरला गेली. तिच्या जागी दिवसपाळीला लुंबिनी आली.

लुंबिनी तेवीस वर्षांची. वडील आनंदराज कंधारकडे मजुरीला जातात. पोरीने बारावीनंतर रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. मित्रांनो, हे काम काय असते ते मी तिच्याकडे बघून शिकलो. दर दोन तासांनी ती लताबाईंची कूस बदलायची. पाठीला, टाचेला लाली आली का ते बोटाने दाबून बघायची. पुसायची, कोरडे करायची, लघवीचे भांडे द्यायची, आणि हे सगळे करताना अंगावरची चादर अशी धरायची की म्हाताऱ्या माणसाला ओशाळे वाटू नये. केस विंचरताना मात्र टिंगल करायची. म्हणायची, आज्जी, शाळेत तुमी लई मारत असाल, हाव ना? लताबाई गालात हसायच्या.

पहिल्याच दिवशी लताबाईंनी तिला पूर्ण नाव विचारले होते. आपल्याकडे विचारतातच. तिने वडिलांचे नाव, आडनाव, गाव असे एका दमात सांगितले. लताबाई म्हणाल्या, "बरं, बरं." मी त्यांना पन्नास वर्षे ओळखतो. तो 'बरं' काही बरा नव्हता.

लुंबिनीने मला घासूनपुसून गार पाण्याने भरले, लताबाईंच्या हातात दिले आणि पलीकडच्या आजोबांना बघायला गेली. तिच्याकडे नऊ माणसे होती. लताबाईंनी मला ओठांपर्यंत नेले आणि तिथेच थांबल्या. दाराकडे बघितले. मग हात गजांतून बाहेर काढला आणि मला कोरफडीच्या डब्यात उपडे केले.

मी आयुष्यात इतका चकित कधी झालो नव्हतो. ज्या हातांनी अंग पुसलेले चालते, शी-शू काढलेली चालते, त्या हातांनी भरलेले पाणी चालत नाही! हा कुठला हिशेब? पण खरे सांगतो, त्या दिवशी मला राग आला नाही. उलट मनात जुना तोरा हलला. वाटले, बाईंनी आपली रीत राखली.

लुंबिनी परत आली. मी रिकामा. तिने पलंगाला अडकवलेल्या कागदावर लिहिले, पाणी दोनशे मिली. दिवसाकाठी असे सहा वेळा व्हायचे. सहा वेळा भरणे, सहा वेळा ओतणे, सहा वेळा लिहिणे. तिच्या अक्षरात सगळे खरे होते. खोटा मी होतो. माझ्या रिकामेपणावर विश्वास ठेवून ती लिहीत होती.

लताबाई स्वयंपाकघरातून येणारा सकाळचा चहा आणि दुपारचे वाटीभर ताक एवढ्यावर दिवस काढू लागल्या. बाहेर एप्रिलचे ऊन भाजत होते. तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या कुणाकडे का नाही मागितले? मागितले असते तर कारण सांगावे लागले असते. जन्मभर समानता शिकवणाऱ्या बाईंना ते सांगायची लाज होती, करायची मात्र नव्हती. मी ओठाला लागायचो तेव्हा त्यांची जीभ टाळूला चिकटलेली मला कळायची. तरी हात गजांकडेच जायचा.

पाचव्या दिवशी लघवी गडद झाल्याचे लुंबिनीने ओळखले. तिने विचारले, आज्जी, पाणी पिता ना? लताबाई म्हणाल्या, पिते की. तिने वरिष्ठ सिस्टरला सांगितले. सिस्टरनी कागद बघितला, पाणी भरपूर जातेय म्हणाल्या, आणि तपासणीला लघवी पाठवली. त्या वेळी मला वाटले, जोरात खाली पडावे, आवाज करावा. पण पेला आपणहून पडत नसतो.

अकराव्या दिवशी सकाळी लताबाईंनी लुंबिनीला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. लुंबिनीने त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातले पाणी आटल्याची खूण. पोरीचा चेहरा उतरला. पुढच्या दहा मिनिटांत तिने सिस्टरला आणले, गाडी बोलावली आणि स्वतः शेजारी बसून दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले म्हणे, अजून एक दिवस गेला असता तर हाताला काही लागले नसते.

सहा दिवसांनी सलाइनवर तगून लताबाई परत आल्या. सोबत मिहिर होता, आणि केंद्राचे व्यवस्थापक बसलिंगप्पा. मिहिरच्या हातात ते सगळे कागद होते. लुंबिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि मी कपाटावर.

मिहिर ओरडला नाही. शिकलेली माणसे ओरडत नाहीत, पण बोललेले लागते. रोज बाराशे मिली लिहिले आहे आणि डॉक्टर म्हणतात शरीरात पाणीच नव्हते, तर हे पाणी गेले कुठे, असे त्याने विचारले. बसलिंगप्पा खाली बघत म्हणाले की बसल्या जागी आकडे भरायची सवय काही मुलींना असते.

लुंबिनी म्हणाली, "सर, पेला रिकामा दिसला म्हणून लिहिलं. पिताना समोर थांबाया पाहिजे हुतं, ते माझं चुकलं. पण खोटं न्हाई लिहिलं म्या."

तिचे म्हणणे कुणी ऐकले नाही. बसलिंगप्पांनी सांगितले की आजची पाळी संपव आणि उद्यापासून येऊ नको. दाखल्यावर 'खोटी नोंद केली' असा शेरा पडेल. मित्रांनो, असा शेरा पडला की जिल्ह्यातला एकही दवाखाना त्या मुलीला दारात उभे करत नाही. सहा महिन्यांचा कोर्स, बापाची मजुरी, सगळे मातीत गेले असते. तिने आशेने लताबाईंकडे बघितले. लताबाईंनी डोळे मिटून घेतले.

मूग गिळून बसणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले. खोलीत दोघांना खरे माहीत होते. एक बोलू शकत नव्हता आणि एक बोलत नव्हती.

मिहिर आणि बसलिंगप्पा कार्यालयात गेले. लुंबिनीने डोळे पुसले, भिंतीवरच्या घड्याळात बघितले. कूस बदलायची वेळ झाली होती. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलेली ती मुलगी, पण तिने लताबाईंच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना हळूच खिडकीकडे वळवले. पाठीशी उशी लावली. मग ओला फडका वाळत घालायला तिने हात गजांबाहेर काढला आणि तिथेच थबकली.

कोरफड कुजली होती. पाने काळी, लिबलिबीत होऊन आडवी पडली होती. लुंबिनीने डब्यात बोट खोल घातले, खालची माती अजून ओली होती. ती कितीतरी वेळ बोटाकडे बघत राहिली. एकदा तिने वळून माझ्याकडेही बघितले. मला माझे पोटावरचे नाव नकोसे झाले.

मला वाटले ती आता धावत कार्यालयात जाईल. ती लताबाईंच्या समोर येऊन खाली बसली.

"आज्जी," ती म्हणाली, "माझ्या हातचं चालत नव्हतं तर तसं सांगायचं हुतं. म्या दुसऱ्या कुणाला भराया लावलं असतं. तहानलेल्या कामून ऱ्हायलात?"

ती रागावली असती तर बरे झाले असते. लताबाईंनी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातलेली मी बघितली नव्हती. त्या दिवशी घातली. मग म्हणाल्या, मिहिरला बोलाव, त्या व्यवस्थापकांनाही बोलाव.

दोघे आले. लताबाई वर्गात बोलायच्या तशा स्पष्ट बोलल्या. "हिनं खोटं लिहिलं नाही. पाणी मी ओतलं, रोज."

"पण का, आई?" मिहिरने विचारले.

"हिच्या हातचं होतं म्हणून."

मिहिर कानापर्यंत लाल झाला. आई, असू दे आता, असे काहीतरी पुटपुटला. लताबाई म्हणाल्या, असू द्यायचे नाही, कागदावर लिहा. बसलिंगप्पांनी लिहायला घेतलेला तो शेरा खोडला आणि लुंबिनीला उद्या वेळेवर यायला सांगितले. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. मिहिरने मागितली, जमिनीकडे बघत.

सगळे गेल्यावर लताबाईंनी पाणी मागितले. लुंबिनीने मला भरून आणले. लताबाईंनी मला दोन्ही हातांत धरले आणि पुन्हा तिच्यापुढे केले. थोडे पाणी चादरीवर सांडले.

"आधी तू पी," त्या म्हणाल्या. "यातूनच पी."

मित्रांनो, मी श्वास रोखला. वाटले, आता ती पिणार आणि बाईंची नि माझी सुटका होणार.

लुंबिनीने हसून मान हलवली. "मला तहान न्हाई आज्जी. तुमी प्या."

लताबाई प्यायल्या. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत लुंबिनी समोर उभी राहिली. मग तिने कागदावर लिहिले, दोनशे मिली.

त्यानंतर लताबाई आठ महिने जगल्या. रोज तिच्याच हातचे पाणी प्यायल्या. रजा संपवून जगदेवी परत आली आणि केंद्राने लुंबिनीलाही ठेवून घेतले, तरी त्या लुंबिनीलाच हाक मारायच्या. आणखी दोनतीनदा त्यांनी मला तिच्यापुढे धरले. दर वेळी तिचे उत्तर तेच. बाईंच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावणारे हातही तिचेच होते.

मिहिर चष्मा आणि जपमाळ घेऊन गेला. मी इथेच राहिलो. आता मला कुणीही वापरते. जगदेवीने नवी कोरफड लावली आहे, ती छान वाढते आहे. पोटावरचे नाव घासून घासून पुसट झाले, त्याचे मला काही वाटत नाही. लुंबिनी अजून इथेच आहे. दुपारी ती माझ्यासमोर उभी राहून पाणी पिते, तिने घरून आणलेल्या बाटलीतून. तिला तहान लागते, मित्रांनो. चांगली लागते. मला ते रोज दिसते.

तुम्ही आज घरी गेलात की एक काम करा. स्वयंपाकघरात, खिडकीत, मोरीजवळ बघा. एखादा कप किंवा पेला वेगळा ठेवलेला आहे का? असला तर तो कुणासाठी आहे, हे मोठ्यांना विचारा. ते गप्प बसले तर तो उचला, घासा आणि आमच्या रांगेत आणून ठेवा. उशीर करू नका. मी पन्नास वर्षे केला. आता मी रोज भरलेला असतो, पण ती माझ्यातून पीत नाही.