आजाऱ्यांच्या घरी जाणारी डबी

टक्! माझं झाकण उघडलं आणि इतका वेळ गप्प बसलेली ती खोली जागी झाली.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. तळहातात मावेल एवढीच, पण आतून सोन्याचा मुलामा दिलेली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपली की तिथपर्यंत येववत नाही अशा आजाऱ्यांसाठी ओस्ती माझ्यात ठेवतात. ओस्ती म्हणजे गव्हाची पातळ, पांढरी चकती. पण मिस्सेत अर्पण झाल्यावर ती नुसती चकती राहत नाही, ते ख्रिस्ताचं शरीर असतं. म्हणून मला गळ्यात घालून छातीशी धरून नेतात. वाटेत कुणी गप्पा मारत थांबत नाही. केवढा माझा मान! पण खरं सांगू? मला उघडता-मिटता येतं, बाकी काही नाही.

फादरच्या वतीने मला त्या घरी नेणारे काका पूर्वी बस चालवायचे. तिथल्या आजी सुनेचंही नाव विसरल्या होत्या. पण काका ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणाले की त्यांचं ‘आमेन’ कधी चुकत नसे. त्या एका शब्दासाठी सून आठवडाभर वाट बघायची.

त्या रविवारी ‘आमेन’ आलं नाही.

“आई, आमेन म्हणा ना,” सून म्हणाली.

“ओरडतेस काय? बहिरी नाही झाले मी!” म्हणत आजींनी तोंड उघडलं. काकांनी जिभेवर ओस्ती ठेवली. थोड्या वेळाने आजींनी ती बोटांनी बाहेर काढली आणि नातीपुढे धरली. “घे गं सोन्या, खाऊ. तुझ्यासाठी ठेवलाय.”

नातीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ओस्ती घ्यायचा विधी, अजून व्हायचं होतं; तोवर तिला ओस्ती चालत नव्हती. तिने हात पुढे केला, तो सुनेने धरला.

“दे की तिला! पोरीला उपाशी मारतेस?” आजी रडायलाच लागल्या.

काकांनी ओस्ती हळूच घेऊन पेल्यातल्या पाण्यात सोडली. “विरघळली की कुंडीत ओता. पायाखाली यायला नको.” मग खाली बघत म्हणाले, “फादरना विचारतो मी. पण पुढच्या रविवारी... आणू ना?”

सून आजींचे डोळे पुसू लागली. मी टेबलावर उघडी, रिकामी पडून होते. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं विसरत चाललं असेल, तर चिडू नका. जवळ बसा, हात धरा. मला तेवढंही जमत नाही.

नात पेल्यात वाकून बघत होती.

“आई, येशूनेपण शेवटच्या जेवणात भाकर सगळ्यांना वाटूनच दिली होती ना? मग आजीने दिलेलं का नाही चालत?”